सुहासची वेज आणि नीलावहिनींचा लॉफ्ट

रविवारी सकाळी फोनवर नीलावहिनींचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, सुहासच्या मोबाइलचं चार्जिंग संपलं असेल. मुलुंडहून निघताना तो मला दर रविवारी फोन करायचा, मग घाटकोपरला मला गाडीत घ्यायचा आणि आम्ही गोल्फला जायचो. "भावजी, हे गेले... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. याला महिना उलटून गेला, तरी रविवार उजाडला की मी बूट घालून बसतो.

आमच्या ऑफिसातला सुहास कंपनीच्या सदस्यत्वावर गोल्फच्या नादी लागला आणि त्याने मलाही ओढलं. तो मूळचा मालवणचा, माशाशिवाय घास न उतरणारा. चेंडू लांब हाणण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, जोर लावायचा नाही. खेळ सुटला तर हा माणूस कोमेजेल, अशी मला खरोखर भीती वाटली. पण एका सकाळी त्याचाच फोन आला, "लांबचं गेलं तर गेलं, यार. आता आपलं सगळं वेजवर."

वेज म्हणजे झेंडा जवळ आला की चेंडू अलगद उचलून त्याच्या शेजारी टाकायची काठी. तिला जोर लागत नाही, हात लागतो. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या नीलावहिनींना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी आणलेली सुरमई शेजारी देऊन टाकली आणि दुधीची भाजी केली. बायकोला डॉक्टरांनी परस्पर काही सांगितलं असेल, असं समजून सुहासने ती मुकाट खाल्ली. पडवळाच्या दिवशी मात्र त्याचा धीर सुटला आणि वेजचा घोळ उघड झाला. हे लिहितानाही मला हसू येतंय. पुढे आमची विचारपूसच ती झाली, आज वेज की नॉनवेज?

दुकानात मी सगळ्यात जास्त लॉफ्टची, म्हणजे सगळ्यात तिरप्या तोंडाची चकचकीत वेज उचलली की तो ती माझ्या हातातून काढून घ्यायचा आणि तिचा तळ दाखवायचा. "तवा बघितल्याशिवाय उलथणं कोण निवडतं रे?" उन्हाळ्यातल्या आपल्या टणक जमिनीवर फुगीर तळाची काठी उसळते आणि चेंडूच्या मध्यावर आदळते, मग चेंडू झेंडा ओलांडून पळतो. तिथे सपाट तळ बरा. पावसाळ्यात सपाट तळाची काठी चिखलात रुतते, तेव्हा फुगीर हवी. एवढ्या शहाणपणावर तो क्लबातल्या तरुण पोरांना हरवायचा आणि वर त्यांना घावनं खायला घरी बोलवायचा.

वहिनींच्या लेखी लॉफ्ट एकच, बाथरूमवरचा. तिथे सुहासची गोल्फची बॅग असायची. दाराआड छत्रीशेजारी ठेवलेल्या साठ अंश लॉफ्टच्या वेजने वहिनी बॅगेचा पट्टा ओढायच्या आणि तो खाली झेलायचा. "लॉफ्टची आहे ना, मग लॉफ्टलाच वापरते," असं त्यांचं म्हणणं.

मागच्या आठवड्यात त्यांनी जेवायला बोलावलं, सुरमई केली होती. नंतर बॅग मला द्यायची म्हणून त्यांनी पट्टा ओढला, झेलायला या वेळी मी होतो. ती साठची वेज मी बॅगेत ठेवू लागलो, तर त्यांनी अगदी सुहाससारखी माझ्या हातातून काढून घेतली.

"ही राहू द्या, भावजी. लॉफ्टवरचं काढायला लागते मला."

मी वर बघितलं. बॅग काढल्यावर लॉफ्टवर काहीच उरलं नव्हतं... बरं, म्हणालो. त्यांनी वेज दाराआड, त्याच्या छत्रीशेजारी पुन्हा उभी केली.