सुई टोचून झाल्यावर

आमच्या शेजारचे गुरुपादप्पा अहमदपूरच्या मोंढ्यात सरकी-पेंडीचं दुकान चालवतेत. साक्षे, मी सांगते तसं लिहून घे, मोंढाच लिही, मार्केट लिहू नको. म्हस दूध चोरायली की लोक आधी त्यांच्याकडं येतेत, मग जनावराच्या डाक्टरकडं जातेत. पेंड देतानी एक गोष्ट सांगितल्याबिगर अप्पा पोतं उचलू देत न्हाईत. आज मूठभर घाल, उद्या दोन मुठी घाल, पोटाला एकदम धक्का देऊ नको. म्हशीच्या पोटातलं काम तिच्या चालीनं चालतंय म्हणतेत, आपल्या घाईनं न्हाई.

त्यांना लई वर्सांपासून साखर हाय, रक्तातली. आधी गोळी होती, मग सुई लागली. एकदा मीच इचारलं, अप्पा, मी एकादशीला पोटात काय नसताना दिवसभर रानात फिरते, आन् तुमचं एक जेवण चुकलं तर हातपाय थरथरतेत, ते कामून?

अप्पा हसले. म्हणले, "गुणाबाई, तुमच्या अंगात एक मुनीम बसलेला हाय. गोड खाल्लं की जास्तीचं उचलून कोठीत टाकतो, उपास धरला की कोठीतलं काढून देतो. रक्तात लागंल तेवढंच ठेवतो, तुम्हाला पत्ता बी लागू देत न्हाई. माझा मुनीम काम सोडून गेला. आता त्याचं काम आमची जगदेवी करती."

जगदेवीआक्का त्यांची मालकीण. ती चुलीपासूनच म्हणली, मुनीमाला पगार तरी असतोय.

आता त्यांच्यातली एक रीत सांगते, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. ते लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतंय. सकाळी आंघोळ करायची, लिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, पूजा करायची, तवर पाण्याचा थेंब बी तोंडात घ्यायचा न्हाई. सगळेच एवढं कडक पाळत न्हाईत, अप्पा पाळतेत. भूकंपाच्या साली सगळं गाव रस्त्यावर बसलेलं, रडायलेलं, तवा बी ह्या माणसानं बादलीभर पाण्यानं रस्त्यातच आंघोळ केली, पूजा केली, मग चहाचा कप धरला.

त्यांचा सकाळचा नेम ठरलेला. उठलं की पोटाला सुई, मग आंघोळ, पूजा, आन् लगेच भाकर. सुई घेतली की वेळेवर पोटात गेलंच पायजे, हे डाक्टरनं दोघांला बी बजावलेलं. पूजा चहा उकळंपर्यंत उरकायची, म्हणून कधी अडलं न्हाई.

ह्या हिवाळ्यात एका सकाळी अप्पांनी सुई घेतली, न्हाणीत गेले, सदरा काढला. गळ्यात नुसता तुटका दोरा. डबी न्हाई.

भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज आला म्हणून मी गेले. जगदेवीआक्का गोधड्या झटकायली. त्यांचा पोरगा मल्लिनाथ गाडी काढून दुकानाकडं पळाला, कारण आदल्या दिवशी अप्पांनी स्वतः पोती रचली होती. मी बी कंबर बांधली. खाटाखाली बघितलं, न्हाणीच्या मोरीत हात घातला, दोन उशा उसवल्या. अप्पा आंघोळ करून पाटावर बसलेले, डावा तळवा मांडीवर उघडा ठेवून. रिकामा.

आक्का दर फेरीला म्हणायची, घोटभर दूध घ्या, सुई टोचून झालीय. ते मान हलवायचे. पहिल्यांदा हसून. मग नुसतीच.

मल्लिनाथचा फोन आला, पोती उपसायलोय, अजून काय न्हाई. त्यावर अप्पा माझ्याकडं बघून म्हणले, "तू कोण? माझ्या घरात काय करायलीस?"

तीस वर्सं मला गुणाबाई म्हणणारा माणूस. मी आक्काकडं बघितलं. तिनं अप्पांच्या पाठीवर हात ठेवला, तर सदरा ओला चिंब. बाहेर थंडीनं आमचे दात वाजायले, आन् ह्यांच्या कपाळावरून घाम गळायला. अंग तर असं थरथरायलं की पाट फरशीवर वाजायला.

आक्कानं मल्लिनाथला सांगितलं, डबी ऱ्हाऊ दे, रिक्षा घेऊन ये. मग साखरेचा डबा घेऊन आली न् चिमूट त्यांच्या ओठाला लावली. अप्पांनी दात आवळले. तिनं परत हात नेला, तर त्यांनी असा फटका मारला की साखर भिंतीपर्यंत उडाली. कधी बायकोला अरेतुरे केलं न्हाई ह्या माणसानं. मला वाटलं आता ती रडंल. ती म्हणली, "हे तुमी न्हाईत. ही तुमची खाली गेलेली साखर बोलायली."

मी म्हणलं, आक्का, धरून तोंड उघडू का? ती म्हणली, दात फुटतेल, आन् घशात अडकलं तर?

मग तिनं मठातल्या स्वामींना फोन लावला. लिंग हरवलं तर दुसरं तेच देतेत, तेंचाच शब्द अप्पा ऐकतेत. फोन वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. सकाळच्या वेळी स्वामी बी पूजेतच असणार. अप्पांचे डोळे वर जायले, मान एका बाजूला कलंडायली.

आक्कानं फोन कानाला तसाच धरला न् मोठ्यानं बोलायली. "हाव स्वामी. हाव, सापडंना. साखर द्यायची म्हणता? लिंगाच्या आधी चालतंय? बरं, सांगते तेन्ला." मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी. फोनमधली घंटी मला ऐकू यायली, अजून वाजतच होती.

ती अप्पांच्या कानाशी वाकली. "स्वामी म्हणतेत, तोंड उघडा."

तेंनी उघडलं.

मी पाठीमागून टेकू दिला. आक्कानं ओलं बोट साखरेत बुडवून गालाच्या आतून चोळलं, परत चोळलं, परत चोळलं. लई वेळ काय होईना. मग त्यांची जीभ आपणहून फिरली. गिळायला लागले तसं तिनं गुळाचं पाणी चमच्यानं पाजलं. थरथर उतरली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं न् म्हणले, "गुणाबाई, तुमी कवा आलाव?" तवा कुठं मी खाली बसले.

रिक्षा आली, दवाखान्यात नेलं, डाक्टरनं सुई-सलाईन केलं आन् दोघांला बी झापलं. सांगितलं, घरी गेल्याबरोबर पोटभर खायचं, न्हाई तर परत उतरंल.

पण घरी आल्यावर अप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. ताट वाढलेलं, हात लावंनात, लिंगाबिगर भाकर न्हाई म्हणले. सगळं आठवलं होतं त्यांना, तोंडात साखर कशी गेली ते बी. डबी काय सापडली न्हाई. मल्लिनाथ म्हणला, पेंडीसंगं कुण्या म्हशीच्या दावणीत गेली असंल. कुणी हसलं न्हाई. आक्का मला भांड्याच्या आडून म्हणली, "जीव वाचला गुणाबाई, पण आता हे माझ्या हातचं खातेत का न्हाई, देवाला ठाऊक."

तेवढ्यात खाटावरचा फोन वाजला. स्वामी. आक्का उठायच्या आत अप्पांनी उचलला. त्यांना कमी ऐकू येतंय, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवतेत. आम्हाला सगळं ऐकू आलं. स्वामी म्हणले, सकाळी तुमच्या घरून लई फोन येऊन गेले, मी पूजेत होतो, काय झालं?

आक्कानं हातातला पेला खाली ठेवला. अप्पांनी तिच्याकडं बघितलं. बघतच राहिले. मला वाटलं, आता ह्या घरात दोन चुली व्हतेत.

मग अप्पा फोनात म्हणले, "काय न्हाई स्वामी. माझं लिंग हरवलं होतं. तुमचा निरोप जगदेवीनं मला सांगितला. मी साखर खाल्ली."

मग स्वामी म्हणले, "बरोबर सांगितलं तिनं. सांजच्याला या, दुसरं लिंग देतो. तवर उपाशी बसू नका."

अप्पांनी फोन ठेवला, ताट पुढं ओढलं न् भाकर मोडली. आक्कानं वरण वाढलं. दुसऱ्या घासाला अप्पा म्हणले, मीठ कमी हाय. आक्का म्हणली, साखर घालू का?

आता सुई पूजेच्या मागनं असती, डाक्टरला इचारूनच. आधी लिंग, मग सुई, आन् सुई निघायच्या आत आक्का ताट घेऊन म्होरं उभी.