ऐकलं, इसरलं, सोल!

आमच्या खिचडीमावशीला पापाचं वजन नजरेनं कळायचं. वाण्याला तागडी लागते, तिला तीही लागत नसे. समोरच्या पोराच्या तोंडाकडे एकदा बघायची आणि सांगायची, "दोन गड्डे." किंवा, "तुजं जरा जड दिसतंय रं. चार." गड्डे म्हणजे लसणाचे. आपापल्या पापाच्या मापानं लसूण सोलायचा, की पोरगं मोकळं. खोटं बोललं की दोन गड्डे, मारामारी केली की तीन, आईला उलट बोललं की चार. ताटात अन्न टाकणं हे तिच्या लेखी सगळ्यात मोठं पाप. त्याला थेट पाव किलो.

पाथर्डीच्या अलीकडे आमचं गाव आणि गावात मिशनची मराठी शाळा, पहिली ते चौथी. शाळेला लागून चर्च, चर्चला लागून वसतिगृह आणि या तिघांच्या मधोमध पत्र्याची खिचडीची खोली. तिथं मावशीचं राज्य. शाळा सिस्टरांची असली तरी वर्गात सगळ्या धर्मांची पोरं होती. सकाळी शाळेत येशूची प्रार्थना, संध्याकाळी आमच्या घरी शुभंकरोती, माझी बाकावरची शेजारीण शबाना घरी गेली की तिच्याकडे नमाज. कुणाचं कशावाचून काही अडत नव्हतं. अडलं ते एकाच ठिकाणी, पापांच्या बाबतीत.

तिसरीत आल्यावर ख्रिस्ती पोरांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद पहिल्यांदा घेण्याची, तयारी सुरू व्हायची आणि त्याआधी कन्फेशन. शनिवारी ती रांगेनं चर्चमध्ये जायची, जाळीमागं बसलेल्या फादरांना आपापली पापं सांगायची आणि अंघोळ केल्यासारखी ताजीतवानी होऊन बाहेर यायची. आम्ही बाकीचे पायरीवर बसून बघत राहायचो. मला आणि शबानाला हा धडधडीत अन्याय वाटायचा. आम्ही काय कमी पापी होतो? उलट त्या विषयात आम्ही दोघी वर्गात पहिल्या-दुसऱ्या. शेवटी मी मोठ्या सिस्टरांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, जाऊन विचारलं, "सिस्टर, आमची पापं कुठं जमा करायची?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मनातल्या मनात देवाला सांगा." झालं! मनातलं त्याला आधीच ठाऊक असतं, असं त्यांनीच तर आदल्या आठवड्यात शिकवलं होतं.

आम्ही दोघी फुरंगटून खिचडीच्या खोलीत गेलो. मावशी तांदूळ चाळत होती. स्वतः ती पक्की ख्रिस्ती, चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेला रोज पहिल्या बाकावर. तिनं आमचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "आगं, फादरला सांगायला नेमधरम लागतो. मला सांगायला काय लागतंय? बस हितं." आणि हातातली चाळणी तिनं तोंडासमोर धरली. झाली जाळी! पलीकडे तिचे दोन डोळे लुकलुकत होते, आणि तांदळाचा भुसा नाकात जाऊन ती मधूनच शिंकत होती. शेजाऱ्यांच्या शेवग्याच्या शेंगा तोडून दोष त्यांच्याच पोरावर ढकलल्याचं मी सांगितलं. चाळणीमागून आवाज आला, "ऐकलं, इसरलं. सोल." आणि लसणाची परात माझ्यापुढे सरकली.

ही तिची ठरलेली तीन शब्दांची माफी. मी एकदा विचारलं होतं, "मावशी, खरंच विसरतेस का गं?" तर म्हणाली, "फादर ऐकत्यात ते त्यांच्या पोटात ऱ्हातं. माज्या पोटात आदीच लई भरलंय, म्हनून म्या इसरूनच टाकते." आणि खरोखर, तिच्या तोंडून एका पोराचं दुसऱ्याला कधी कळलं नाही.

बघता बघता खिचडीच्या खोलीपुढे रांग लागायला लागली. ख्रिस्ती पोरंही यायला लागली, कारण तिथं प्रार्थना पाठ असावी लागत नसे. एका पोराला स्वतःची पापं फारच किरकोळ वाटायची, म्हणून त्यानं ठोकून दिलं, "मी गुरुजींना विहिरीत ढकललं." तेवढ्यात गुरुजी खिडकीसमोरून शीळ घालत गेले. मावशीनं चाळणी खाली घेतली. "बग, वले बी न्हाई झाले. खोटं पाप सांगितलंस, त्याचे दोन गड्डे वायले."

तिनं स्वतः लसूण सोलल्याचं मात्र त्या काळात कुणी पाहिलं नाही. खिचडीला वास कमी आला तर गुरुजी म्हणायचे, "आज पोरं शहाण्यासारखी वागलेली दिसतात." परीक्षा किंवा आठवडी बाजार झाला, की दुसऱ्या दिवशी खिचडीत तांदळापेक्षा लसूण जास्त. तिकडे फादर मात्र बुचकळ्यात पडले होते. शनिवारी जाळीपलीकडून नुसती शांतता! "या वर्षीची मुलं फारच पवित्र निघाली," असं ते सिस्टरांना कौतुकानं म्हणाल्याचं आम्ही या कानांनी ऐकलं.

दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जायची आणि त्यांची पोरं वसतिगृहात राहायची. मग काही दिवस मावशीकडे वेगळंच पाप यायचं. एखादं पहिलीतलं पोरगं चाळणीसमोर उभं राहून पुटपुटायचं, "मला आईची लई आठवन येती." त्याला ते पापच वाटायचं, कारण रडायचं नाही असं आई बजावून गेलेली असायची. अशा वेळी मावशी चाळणी बाजूला ठेवायची, गुळाचा खडा त्याच्या तोंडात घालायची आणि म्हणायची, "ह्येला लसून न्हाई, राजा." त्या गुळासाठी मीसुद्धा एकदा आईची आठवण काढून पाहिली. माझी आई शाळेच्या भिंतीपलीकडेच राहत होती. खोटेपणाचे दोन गड्डे पडले.

आता माझ्या मोठ्या पापाकडे येते. कितीही घोळवलं तरी यायलाच हवं.

शाळेच्या व्हरांड्यात संत अंतोनीचा पुतळा होता. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत, त्यामुळे त्याच्यापुढे कायम गर्दी. कुणाचं खोडरबर, कुणाची एक चप्पल. माझी कंपासपेटी हरवली तेव्हा मीही त्याला सांगितलं. सोमवारी सांगितलं, मंगळवारी आठवण दिली, शुक्रवारी माझा संयम सुटला. मधल्या सुट्टीत कुणी नाही असं बघून मी त्याचा पुढे केलेला हात धरला आणि गदागदा हलवला. "अरे, ऐकतोयस का?" तर त्याचं बोट माझ्या हातात आलं.

त्या दिवशी मी बोट मुठीत धरूनच चाळणीसमोर बसले. मावशीनं बोट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "पाव किलो," ती म्हणाली. "ऐकलं, इसरलं. सोल." बोट तिनं हळदीच्या डब्यात खोल खुपसून ठेवलं. "फादर गवंडी बोलावतील तवर हितं ऱ्हाऊ दे. हळदीत काय बी नासत न्हाई." संध्याकाळी घरी आले तर कंपासपेटी माझ्याच दप्तराच्या आतल्या कप्प्यात! अंतोनीनं आपलं काम केलं होतं, बिचाऱ्यानं एक बोट देऊन.

सिस्टरांनी बोटाची शोधाशोध सुरू केली. प्रार्थनेच्या वेळी म्हणाल्या, "ज्याला माहीत असेल त्यानं हात वर करावा." माझा हात वर गेला, देवाशप्पथ गेला. सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली आणि माझ्या तोंडून निघालं, "सिस्टर, पाणी पिऊन येऊ?"

चौथ्या दिवशी तालुक्याहून खिचडी तपासायला साहेब आले. जाडजूड, रुबाबदार. तांदूळ पाहिले, डाळ पाहिली, मिठाचा डबा हुंगला, आणि हळदीच्या डब्यात चमचा घातला. चमच्यावर बोट आलं.

साहेब इतक्या जोरात ओरडले की चर्चवरची कबुतरं उडाली. "बोट! माणसाचं बोट!" मावशी शांतपणे म्हणाली, "सायेब, मानसाचं न्हाई. संताचं हाय." त्यानं तर साहेब आणखीच घाबरले आणि पाण्याच्या टाकीवर मटकन बसले. ते प्लास्टरचं आहे हे पटवून द्यायला सिस्टरांना दोन कप चहा लागला.

पण साहेब गेल्यावर सिस्टर मावशीकडे वळल्या. एवढ्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मावशी, हे कुणी मोडलं?" आम्ही पोरं खिडकीला लोंबकळलो होतो. मी सगळ्यात पुढे. मावशीची आणि माझी नजरानजर झाली आणि तिची नजर तशीच पुढे निघून गेली, जणू मी खिडकीचा गज होते. "म्याच मोडलं," ती म्हणाली. "पुसताना हात लागला." सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला नीट खोटंही बोलता येत नाही." मावशी म्हणाली, "मोडलं म्हंजे मोडलं." मग सिस्टरांचाही नाइलाज झाला. फादर नगरला गेले होते. ते येऊन ठरवेपर्यंत मावशीनं कामावर यायचं नाही, असा हुकूम झाला. तिनं चाळणी खिळ्याला अडकवली, पदर खोचला आणि निघून गेली.

तेव्हा मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. भित्री, लबाड कार्टी होते मी, दुसरं काही नाही.

खिचडी आता गुरुजी करायला लागले. पहिल्या दिवशी तांदूळ कच्चे, दुसऱ्या दिवशी कोळसा, तिसऱ्या दिवशी एकाच पातेल्यात दोन्ही. वसतिगृहातली पहिलीतली पोरं ताटावर बसून मुळूमुळू रडायची. आठवण आली की सांगायलाही आता कुणी नव्हतं. मी रोज सिस्टरांच्या ऑफिसच्या दारापर्यंत जायचे आणि रोज पाणी पिऊन परत यायचे. सहाव्या दिवशी, फादरांची वाट न बघता, सिस्टर स्वतःच मावशीच्या घरी चालत गेल्या आणि तिला घेऊन आल्या. गुरुजींनी त्या दिवशी देवाचे जेवढे आभार मानले तेवढे नाताळातही मानले नसतील.

फादर आल्यावर गवंड्यानं बोट चिकटवलं. पण हळद आतपर्यंत मुरली होती. वरून दोनदा पांढरा रंग दिला, तरी पिवळं ते पिवळंच. पोरं म्हणायला लागली, अंतोनीला हळद लागली, आता लग्न कधी? ते बोट अजूनही तसंच आहे.

मावशी मला एका शब्दानं काही बोलली नाही. उलट पातेल्याच्या तळाची खरवड, जिच्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या, ती परत आली त्या दिवशी तिनं माझ्या ताटात वाढली. ती मला खाववेना, आणि टाकावी तर पाव किलो! बोट मोडल्याचा लसूण मी सोलला होता. गप्प बसल्याचा सोलायचा राहिला तो राहिलाच. चौथी झाली, मी पुढच्या शाळेत गेले, मग नगरला कॉलेज, नोकरी, लग्न.

आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण मी आपली नगरलाच राहते. सवय अशी जडली आहे, की मन खायला लागलं की मी लसूण सोलायला बसते. नवरा कामावरून येतो, ओट्यावरची भरलेली वाटी बघतो आणि चप्पल काढायच्या आत विचारतो, "काय केलंस?"

गेल्या उन्हाळ्यात शबानाचा फोन आला. "मावशीला आता काही आठवत नाही गं. माणसंसुद्धा ओळखत नाही." मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेले. मावशी ओसरीत खाटेवर बसली होती, अगदी चिमणीएवढी झालेली. शेजारी सून लसूण निवडत होती. मावशी मला म्हणाली, "सुई टोचायला आलीस व्हय? न्हाई टोचून घ्यायची मला." मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, अंतोनीचं बोट सांगितलं. "कसलं बोट?" ती म्हणाली. "मला काय म्हाईत न्हाई."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं सांगायचं तरी कुणाला? म्हटलं, "मावशी, माझं एक पाप राहिलंय."

तिची मान चटकन वर झाली. "मग चाळनी आन की आदी!"

सुनेनं आतून चाळणी आणून दिली. मावशीनं ती तोंडासमोर धरली आणि मी सगळं सांगितलं. बोट माझ्याकडून मोडलं, आळ तुझ्यावर आला, सहा दिवस तुला घरी बसवलं, आणि मी खिडकीत उभी राहून गप्प बसले. चाळणीमागून तोच आवाज आला, जरा चिरका झालेला.

"ऐकलं, इसरलं. सोल."

सुनेच्या पुढची सगळी परातच तिनं माझ्याकडे सरकवली. किलोभर तरी असेल. मी खाली बसले आणि डोळे पुसत पुसत सोलत राहिले. तासभर गेला असेल. शेवटच्या गड्ड्यावर आले तेव्हा मावशी खाटेवरून वाकून माझ्याकडे निरखून बघत होती.

"बाई, तू कुनाची गं? आन माजा एवढा लसून कशापायी सोलतीस?"

"पाप केलं होतं, मावशी."

तिनं परातीत पाहिलं. एक पाकळी उचलून टरफल राहिलंय का ते बघितलं आणि परत टाकली.

"आगं, मग फिटलं की आता. ऊट, खिचडी खाऊन जा."