यमक साधलेले नाही

करंजाड्याच्या घरी सकाळी डबा भरत होते, तेव्हा काकीचा फोन आला. "बाय, तुजा काका गेला गो…" एवढंच. मागं ऑक्सिजनचं मशिन अजून घरघरत होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हिरामणकाका तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. त्याच कंपनीच्या भिंतीआड एके काळी आमचं भातशेत होतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, मराठीची एम. ए., आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. पण आमच्या घरात कवी एकच, तो. पनवेलच्या वाचनालयाची काव्यस्पर्धा हा त्याचा सण. इस्त्रीचा शर्ट घालून तो मागच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, खोकला आला की पटकन बाहेर पडता यावं म्हणून. तिथं कवीचं नाव न सांगता वाचनालयाचीच माणसं कविता वाचून दाखवत. आपली कविता त्या स्टेजवरून आपल्या बोलीत ऐकायची, एवढीच त्याची हौस. गेल्या वर्षी त्यानं लिहिलं होतं :

कंपनीच्या भिंतीआड माजं शेत हाय,
वास येतो भाताचा, पन दार उघडत नाय.

स्टेजवरून ऐकू आलं, 'माझे शेत आहे… दार उघडत नाही.' पाठोपाठ परीक्षकांचा शेरा : "आशय चांगला, पण यमक साधलेले नाही."

कार्यक्रमानंतर कार्यवाह अगदी प्रेमानं म्हणाले, "हिरामणराव, टाइप करताना तुमची भाषा जरा शुद्ध करून घेतली हं."

"शुद्ध? मंग आदी काय बाटली व्हती का, सायेब?"

सगळे हसले, चहा आला. काका हसला नाही. रिक्षात बराच वेळ खोकत राहिला, मग म्हणाला, "बाय, शेत घेतलं तवा सही तरी मागितली व्हती…"

यंदा तो तीच कविता पुन्हा देणार होता. अंथरुणावरून त्यानं माझ्याकडून कागदावर वर लिहून घेतलं, 'जशीच्या तशी वाचावी.' कागद मीच पोचवला. स्पर्धेच्या आधीच तो गेला. स्पर्धेला मी काकीला घेऊन गेले. सगळे दोन मिनिटं उभे राहिले, मग श्रद्धांजली म्हणून कार्यवाहांनी त्याची कविता वाचली. अगदी मनापासून… आणि शुद्ध.

घरात ती कविता रोज कानावर पडलेली काकी माझ्या कानाशी लागली, "ह्यी कुनाची कविता गो?"

मी मागं वळून पाहिलं. दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

हा लेख देताना पुरवणीच्या माणसांना मी फोनवर बजावलंय, त्या दोन ओळींना हात लावू नका. तरीही वर त्या ओळींत 'नाय'च्या जागी तुम्हाला 'नाही' दिसलं, तर समजा… दार अजून उघडलं नाय.