पिवळी रेघ सरकली कशी

...तर असे आमचे जावई गाडीच्या पुढच्या चाकाशी पालथे पडलेले, हातात टॉर्च, आणि मी गॅरेजच्या दारात त्यांचा चहा घेऊन उभा. काल इथवर आलो होतो ना? चहा त्यांनी घेतला नाही. वर न बघताच म्हणाले, "बाबा, इथे कोण आलं होतं?"

मी म्हणालो, "मांजर."

"मांजराला पाना धरता येत नाही."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. आमचे जावई चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर केसाएवढा फरक शोधायचा, म्हणजे माणूस संशयी होणारच. जीव मात्र सगळा घरामागच्या गॅरेजातल्या जपानी गाडीत. दोन दारांची, पंचवीस वर्षांची, बोटीतून आलेली. बॉनेट उघडलं की इंजिनापेक्षा नळ्याच जास्त दिसतात. ही गाडी घेताना लिलावाचा कागद आला तो जपानीत. कुठे गंज, कुठे पोचा, सगळं त्यात असतं म्हणे. जावयांनी तो एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांकडून वाचून घेतला. तिघांचं जुळलं, तर म्हणतात, "हे आतून मिळालेले तर नसतील?" लग्नाआधी माझीही अशीच चौकशी केली असणार, मला पत्ता लागला नाही एवढंच.

त्यांची कामाची रीत अशी. नट आवळायचा तो मापाच्या पान्यानं. ठरलेला जोर झाला की पाना 'टक' करतो. मग नटावरून थेट चाकावर रंगाची एक बारीक पिवळी रेघ ओढायची. रेघ अखंड असेल तर नट जागेवर, रेघ तुटली तर नट फिरला. दहा दिवसांपूर्वी त्यांनी नवी रुंद चाकं बसवली, वीस नटांवर वीस रेघा ओढल्या, माझ्या लेकीला घेऊन तिच्या नणंदेकडे सव्वाशे किलोमीटर जाऊन आले, आणि घरी येताच कंबर धरली. चार दिवस अंथरुणात. पाचव्या दिवशी उठून बघतात तर वीसच्या वीस रेघा तुटलेल्या!

गॅरेजच्या किल्ल्या तीन. एक त्यांची, एक माझी, एक त्यांच्या मित्राची, बॅटरीवाल्याची.

पहिला नंबर माझा लागला. "बाबा, तुम्ही पान्याला हात लावला होता?"

"जावईबापू, मला माझी कवळी कुठे ठेवली ते आठवत नाही, तुमचा पाना कुठला?"

मी सुटलो. राहिला बॅटरीवाला. कोपऱ्यावर त्याचं बॅटऱ्यांचं दुकान. अकरा वर्षं हे दोघं सुट्टीच्या दिवशी एकाच गाडीखाली शेजारी शेजारी पडलेले. एकाच्या बोटावर हातोडी पडली तर दुसरा ओरडायचा. पण दोन महिन्यांपूर्वी बॅटरीवाल्यानंही तसलीच एक गाडी आणली होती, आणि येत्या रविवारी दोघं आपापली गाडी ट्रॅकवर पळवणार होते. झालं! जावयांनी दोनात दोन मिळवून पाच केले.

"त्याला माझी पुढे गेलेली बघवायची नाही. नट सैल करून ठेवलेत."

लेक म्हणाली, "अहो, अकरा वर्षांची मैत्री!"

"अकरा वर्षं वाट बघत बसणारेही असतात."

मी म्हटलं, "पाना लावून बघा तरी, किती सैल झालेत."

"हात लावायचा नाही. पुरावा आहे तो." वीस नटांचे वीस फोटो काढले. दुपारपर्यंत कुलूप बदललं, आणि बॅटरीवाल्याला निरोप धाडला, 'यापुढे येऊ नकोस.' त्याचं उत्तर आलं नाही. "बघा," जावई म्हणाले, "एक शब्द नाही. खाई त्याला खवखवे." पण जेवतानाही डाव्या हातानं तेच फोटो पुन्हा पुन्हा चाळत होते. अकरा वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?

मग फोटो माझ्यासमोर धरले. चष्मा त्यांनीच घासून दिलेला, तेव्हा मला स्पष्ट दिसलं.

"जावईबापू, बरणीचं झाकण काढताना हात कुठे फिरतो?"

"डावीकडे."

"आणि लावताना?"

"उजवीकडे. बाबा, हे काय आता?"

"मग नटावरची रेघ कुठे सरकलीय ते बघा. सगळ्या उजवीकडे. हा कसला वैरी, जो नट आवळून जातो?"

ते उठले तसेच गॅरेजात. पाना लावला, नट तसूभर न हलता टक. दुसरा, टक. विसावाही टक, म्हणजे सगळे घट्ट. नवी चाकं बसवली की पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, कारण चाक बसतं आणि पकड ढिली पडते. हे ते एरवी झोपेतही विसरले नसते, या खेपेला कंबरेनं विसरायला लावलं.

आम्ही दोघं त्याच्या दुकानात गेलो तेव्हा बॅटरीवाला एका बॅटरीत पाणी भरत होता. मान वर केली नाही.

"नट तू आवळलेस?" जावयांनी विचारलं.

"मीच."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर हात लावू दिला असतास? दोन नट तर बोटानं फिरत होते. वहिनी बसतात त्या गाडीत. तुझ्या कंबरेची वाट बघू?"

"मग रेघा पुन्हा का नाही ओढल्यास?"

"चोरानं ओढल्या असत्या." आता त्यानं मान वर केली. "माफी मागायला आलायस की चौकशीला?"

मला वाटलं, आता हे गळ्यात पडणार. जावयांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "माफी मागतोच आहे, चुकलं माझं. पण पाना काय, बेतानं आवळला तरी टक म्हणतो आणि वाजवीपेक्षा जास्त आवळला तरी टकच म्हणतो, तेव्हा आधी सांग, मापानं आवळलेस की नुसत्या हातानं? आणि रविवारी तुझी गाडी घरी ठेव, माझ्या शेजारी बस. चाक निघालंच तर दोघांचं मिळून निघू दे."