लायसन्स लॉकरमध्ये, पिस्तूल पोलीस ठाण्यात

मंडळी, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथेच लिहिते.

निवृत्तीनंतर मी पिस्तूल नेमबाजी शिकले. आज ज्येष्ठांच्या गटाची निवड चाचणी होती. नवरा आणि मी डोंबिवलीहून गाडीने निघालो. घोडबंदर रोडवर नाकाबंदी होती. मागच्या सीटवरची पेटी हवालदाराने उघडायला लावली.

"काका, लायसन्स दाखवा."

"पिस्तूल माझं आहे," असं सांगून मी ऐटीत पर्स उघडली. आत निघाली लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स!

"आजी, हे चालत नाही. ओरिजिनल कुठंय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"अगं, परवाच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. ओरिजिनल घेऊन असं हिंडायचं नसतं. हरवलं म्हणजे?"

"अहो, मग पिस्तूलही लॉकरमध्येच ठेवायचं होतं!"

हवालदाराला हसू आवरेना, पण तो नियमानेच वागला. रविवार असल्याने बँक बंद. पिस्तूल ठाण्यात जमा झालं आणि वर्षभर जिच्यासाठी घाम गाळला, ती चाचणी हुकली. परतताना हे मला समजावतात, "लायसन्स सुरक्षित आहे ना, मग झालं तर!"

शस्त्र बाहेर नेताना जवळ असावा म्हणूनच तो परवाना असतो. पण आपल्याकडे कागद जितका महत्त्वाचा, तितका तो कुलपात खोल.

तेही एक वेळ सोडते. पण बाईच्या नावाचा कागद तिच्या पर्समधून तिला न विचारता काढायचा परवाना या नवरे मंडळींना कोण देतं हो?