कोरड्या पाटातून आलेला शर्ट

निवृत्तीनंतर बऱ्याच गोष्टी विसरलो, पण तलावात बुडालेल्या त्या माणसाची घटना काही मनातून जात नाही. संबंधित मंडळी आजही त्याच भागात राहतात, म्हणून नावं लिहीत नाही.

रामपायलीच्या बाजूला धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, एकाखाली एक असे तीन तलाव आहेत. पाटांनी जोडलेले. वरच्या तलावावर रविवारी माणसं सहलीला येत. होडीत फिरायचं, गळ टाकून बसायचं, काठावर चूल मांडून मासे शिजवायचे. खालच्या दोन तलावांत मच्छीमार कुटुंबांची जाळी असत. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो.

होळी होऊन गेली होती. एका रविवारी दुपारी खबर आली की वरच्या तलावात होडी उलटली आणि एक माणूस बुडाला. तो मँगनीजच्या खाणीत नोकरीला होता, निवृत्ती जवळ आलेली. सोबत त्याचा खाणीतलाच मित्र होता. ओलाचिंब होऊन काठावर थरथरत बसला होता. "मोठा मासा लागला म्हनून तो उभा झाला जी. होडी कलली. मी पवत आलो, तो नाही आला."

आम्ही 'गुम इंसान' अशी, म्हणजे बेपत्ता माणसाची, नोंद केली, पंचनामा केला, होडी जप्त केली. मच्छीमारांनी जाळी बाजूला ठेवून बुड्या मारायला सुरुवात केली. प्रेत काही हाती लागेना. गावात होडी भाड्यानं देणाऱ्या नावाड्याबद्दल कुजबुज सुरू झाली. होडी सडकी होती, त्याला आत टाका, असं लोक म्हणू लागले. जबाबासाठी मी त्याला रोज बोलावत होतो. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. "साहेब, माहा मानूस होडी देते, कोनाचा जीव नाही घेत," एवढंच म्हणायची.

बुडालेल्या माणसाला एकच मुलगा. आयटीआय करून घरी बसलेला. तो कमरेला दोर बांधून स्वतः पाण्यात उतरायचा. एकदा त्याचा पाय शेवाळात अडकला, दोर ओढून वर काढला तेव्हा तो निळा पडला होता. शुद्धीवर येताच पुन्हा उठला. तेव्हा त्या मित्रानं त्याचा दंड घट्ट धरला आणि ओरडला, "नको उतरू रे बाबू! तिथं काही नाही!"

मी ते ऐकलं, पण दुःखातलं बोलणं म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या तलावावरून एका मच्छीमार बाईचा फोन आला. "साहेब, माह्या जाळ्यात शर्ट आला. त्याच मानसाचा हाय म्हनतेत." बुडालेल्या माणसाच्या बायकोनं शर्ट ओळखला. प्रेत वाहत खाली गेलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शोध आता खालच्या तलावात करायचा म्हणून मी जीप सोडून पाटाच्या कडेनं पायी निघालो. माणूस किती खाली गेला असेल, याचा अंदाज घ्यायचा होता.

पाट कोरडा होता. दुरुस्तीसाठी वरचं फाटक कधीचंच बंद केलेलं. पाटाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि बकऱ्या चरत होत्या. त्या वाटेनं शर्टच काय, पानही वाहून आलं नसतं.

मित्राला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. शिपायाला बाहेर पाठवलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसावर ओरडायची गरज नसते.

"शर्ट खालच्या तलावात कसा आला?"

"वाहून आला असंन जी."

"पाटात बकऱ्या चरून राह्यल्या. पाणी कुठं हाय?"

त्यानं कप खाली ठेवला.

"तू त्या पोराले म्हणालास, तिथं काही नाही. तुले कसं मालूम?"

तो रडायला लागला. खूप वेळ रडला. मग म्हणाला, "पोरगं मरंन म्हनून टाकला शर्ट. शर्ट खाली भेटला म्हंजे वर उतरनं बंद करंन, असं वाटलं जी. तो जिता हाय साहेब."

मग सगळं बाहेर आलं. नोकरीत असताना बाप मेला तर मुलाला त्याच्या जागी घेतात, असं त्या माणसाच्या डोक्यात बसलं होतं. निवृत्त झाल्यावर ती वाट बंद. म्हणून दोघांनी हे ठरवलं. झाडीआड होडी काठाला लावली, तो कपडे बदलून, काढलेले मित्राजवळ देऊन सडकेकडे निघून गेला, तुमसरच्या बसमध्ये बसला. मागं मित्रानं होडी उलटी केली आणि बोंब ठोकली.

मित्राच्या सांगण्यावरून रामटेककडच्या एका ढाब्यावर तो आम्हाला सापडला. भांडी घासत होता. मला पाहून पळाला नाही, हात धुऊन समोर उभा राहिला.

जीपमध्ये म्हणाला, "आता पोराले नोकरी नाही लागत ना साहेब?"

मी सांगितलं, प्रेत मिळालं नाही तर कायदा सात वर्षं माणसाला मेलेला धरत नाही. तुझ्या जाण्यानं त्याला काहीच मिळालं नसतं. मग मी मुलाचं सांगितलं. दोर बांधून रोज बुड्या मारतो, एकदा मरता मरता वाचला.

तो सीटवरून अर्धा उठला. "पन त्याले पवता कुठं येते!"

तुमसर येईपर्यंत तो तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

ठाण्यात बायको त्याच्याजवळ गेली, शर्टाची बाही धरली आणि विचारलं, "आमी तुमाले नोकरी मांगतली होती का? कोनं मांगतली होती?" मुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे येऊन बापाच्या पायाशी बसला आणि उठेचना.

खोटी माहिती दिल्याबद्दल मी दोघांविरुद्ध न्यायालयात इस्तगासा, म्हणजे लेखी फिर्याद, पेश केला. ते करणं भाग होतं, कारण शोधात माणसांचे जीव धोक्यात आले होते. दोघांनी गुन्हा कबूल केला, दंडावर सुटले. नावाड्याला बोलावून होडी परत केली. आता हा शिव्या घालेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "जिता हाय ना? हौ, मंग झालं."

या प्रकरणानंतर बेपत्ता माणसाची नोंद करताना माझ्या विचारण्यात एक फरक पडला. पूर्वी मी आधी विचारायचो, याचं कोणाशी वैर होतं? आता विचारू लागलो, घरात आपण कोणाच्या आड येतो असं याला वाटत होतं का? बहुतेक वेळा घरच्यांना तो आड येतो असं कधी वाटलेलंच नसायचं, आणि जाणाऱ्यानं तेवढंच विचारून घेतलेलं नसायचं.