चुन्याचं स्वयंपाकघर

सुमनआक्का कोणतीही वस्तू घेण्याआधी अंगाने तपासून बघत. लोखंडी कपाट घ्यायला गेल्या, तेव्हा दुकानदारादेखत आत शिरल्या आणि मला दार लावायला सांगितलं. आतून आवाज आला, "ब्येस शे!" दुकानदार बिचारा माझ्याकडे बघत राहिला. "पहिले आंगले पटाले पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी अंगाला पटलं पाहिजे, डोक्याचं मग बघू.

गुजरातेत, गोडादऱ्यातल्या आमच्या महापालिकेच्या वसाहतीत त्या माझ्या शेजारीण. मूळच्या अमळनेरकडच्या. नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता, तो गेल्यावर मुलगा कैलास लागला. घरांच्या छताचे पोपडे पडायला लागले, तेव्हा ती पाडून तिथेच नवी इमारत बांधायचं ठरलं. त्यासाठी रहिवाशांची समिती हवी होती. आक्का बोलायला लागल्या की दुसऱ्या कुणाचं ऐकूच येत नसे, म्हणून त्या अध्यक्ष झाल्या. मला गुजराती लिहिता येतं, म्हणून मी चिटणीस झाले.

सभेत तरुण इंजिनीअर साहेबांनी नकाशा दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. संमती दिली की काम सुरू, नाही तर आम्ही आहोतच पोपड्यांखाली. आक्कांनी आपल्या खास गुजरातीत फर्मावलं, "साहेब, रविवारे आवजो. हुं घर बांधी राखीश."

रविवारी त्यांनी मैदानात चुन्याची फक्की टाकून अख्खं घर आखलं. हॉल, खोली, संडास, स्वयंपाकघर. दुपारपर्यंत वसाहतीने ते घर मानूनच टाकलं होतं. कैलास हॉलमधून सरळ खोलीत चालत गेला, तर आक्का कडाडल्या, "दारमाईन ये! भीत दिखस नही का तुले?" तो ओशाळून मागे फिरला आणि दारातून आला. संडासाच्या चौकोनात तर कुणी पाय ठेवीना.

साहेब आले. "चप्पल बहार काढो," आक्का म्हणाल्या. त्यांनी भर मैदानात बूट काढले आणि चुन्याच्या दारातून आत आले. आत चुलीवर खापर उपडं घालून तापत ठेवलं होतं. आक्कांनी पुरणाचा मांडा हातांवर घेऊन फिरवत फिरवत रुंद केला आणि त्यांचं कोपर भिंतीबाहेर गेलं. "आठे मांडा व्हवाव नही. मी सही कराव नही." इथे मांडाच होणार नाही, तर सही कशाला!

साहेबांनी टेप काढून मोजलं. आक्कांचं स्वयंपाकघर नकाशातल्यापेक्षा बरंच लहान निघालं. त्यांनी सगळी मापं टेपऐवजी आपल्या हाताच्या लांबीने घेतली होती, आणि आक्का तर माझ्या खांद्याला लागत! सगळे हसले. साहेबांनी स्वतः चुना टाकून भिंत बाहेर सरकवली. मांडा मावला. माझा जीव भांड्यात पडला.

आक्कांनी मांडा खापरावर टाकला. मग त्यांनी सुनेला हाक मारली. "मंगल, मझार ये व माय. मांडा काय एकली बाई करस का? एक लाटस, एक भाजस." मंगल आत शिरली, तसे साहेब मागे सरकले. आक्का त्यांच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, तमे भींतमां ऊभा छो."

साहेबांनी चुन्याने माखलेले मोजे बघितले आणि तेच आधी हसले. मांडा खाऊन गेले. नव्या नकाशात भिंत हॉलच्या बाजूला सरकली होती, आणि पहिली सही आक्कांची पडली. इमारत उभी राहिल्यावर पुरुषमंडळी कुरकुरली, हॉलमध्ये पलंग मावत नाही म्हणून. आक्का म्हणाल्या, "मंग सयपाकघरमा झोपा. तठे जागा शे."

त्या घरात त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. गोडाच्या जेवणाच्या दिवशी मी गेले, तर साऱ्या वसाहतीतल्या बायका त्यांच्या स्वयंपाकघरात मांडे करत होत्या, आणि आक्का पुरण किती पातळ करायच्या, यावरून आपसांत भांडत होत्या. मला फार रडू आलं. मी दारातच थांबले, म्हटलं, आत गर्दी होईल. मंगलने हात धरून ओढलं.

गर्दी झाली नाही.